मुंबईहून बोलणारी मुलगी

तुळसाशी कुणी गोड बोललं की ती घरातलं सगळं सांगून मोकळी होते, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तरीही फोन तिच्याच ताब्यात. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या त्या वाडीत रेंज यायची ती फक्त त्यांच्या पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबापाशी, आणि त्या खांबाला पाठ लावून दिवसभर वाल सोलत बसायला दुसरं कोण रिकामं होतं? खांबाला खिळा, खिळ्याला पिशवी, पिशवीत फोन. तिला कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. वाडीतल्या निम्म्या घरांचे मुंबईचे निरोप त्याच फोनवर यायचे, त्यामुळे तो वाजला की शेजारपाजारची कामं आपोआप थांबायची.

मंगळवारी तो वाजला तेव्हा पलीकडे एक मुलगी होती. बोलणं मोठं लाघवी.

“मावशी, सुनीलच्या आई ना तुम्ही?”

“व्हय गो बाय. तू कुठली?”

“मी मुंबईहून बोलते. घरची थोडी माहिती हवी होती. सुनील कुठल्या कंपनीत असतो आता?”

गेलं वर्षभर लेकीसाठी, श्रुतिकासाठी, स्थळं बघणं चाललं होतं. ओळख ना पाळख अशी माणसं फोन करायची आणि हेच विचारायची. भाऊ कुठं कामाला, जमीन कुणाच्या नावावर, घरात माणसं किती, सोयरे कुठले. अशा वेळी आढेवेढे घेतले की लोकांना वाटतं, या घरात काहीतरी काळंबेरं आहे. म्हणून तुळसानं काहीच हातचं राखलं नाही. सुनील महाडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, ठेकेदार अमका, बिरवाडीत खोली घेतलीय, खोलीमालक देवमाणूस, त्याचा नंबर हा घे. मुलीनं जवळचे नातेवाईक विचारले तेव्हा तुळसाला उलट वाईट वाटलं. इतकी चांगली माणसं, पण उशिरा आली.

“आमच्या श्रुतिकाचं जमलं गो. येत्या रविवारी सुपारी हाय. कुशाबा म्हणून व्याही हायत, पोलादपूरच्या अंगाला. खोटं वाटत असंल तर त्यांनाच विचार, नंबर देते मी.”

“द्या ना, मावशी.”

“आनि माझा धाकटा हाय, किशोर. त्याचं अजून व्हायचंय. पोराला सुपारीच्या खांडाचंपण व्यसन नाय.”

मग किशोरचा नंबर, किशोरच्या सेठचा नंबर, किशोर राहतो ती दिवा स्टेशनजवळची चाळ, असं सगळं साग्रसंगीत सांगून झालं. मुलीनं आभार मानले. तुळसानं फोन पिशवीत ठेवला आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आवडीला सांगितलं, “बोलायला किती मऊ हाय. किशोरला शोभंल.”

आवडीनं सगळं ऐकलेलंच होतं. तीही म्हणाली, शोभेल.

*

रविवारी किशोर सकाळच्या एसटीनं कापड्याला उतरला आणि वाडीची चढण चढून अंगणात आला तो खांद्यावरची बॅग न उतरवताच. अंगण शेणानं सारवलेलं, पाटाभोवती रांगोळी काढायला श्रुतिका वाकलेली. पाहुणे दुपारच्या जेवणाला यायचे होते.

“दादा कुठाय?”

“आधी चा घे,” तुळसा म्हणाली.

“चा नको मला. दादा कुठाय? माझ्या सेठला फोन गेलाय. भाई चोर है बोलले, घर में सब ऐसेच है बोलले. सेठ बोलला, उद्यापासून नको येऊ. शुक्रवारपासून खोलीवर बसलोय मी.”

मग त्यानं स्वतःचा फोन काढून आईसमोर धरला. वाडीत रेंज नसली तरी आलेलं चित्र कुठं जात नाही. सुनीलचा आधार कार्डावरचा फोटो, त्यावर लाल अक्षरात ‘चोर’, आणि खाली लिहिलेलं की या माणसानं कर्ज घेऊन तोंड लपवलंय, दिसल्यास कळवा. गावकीच्या मुंबई मंडळाची वर्गणी सुनील फोनवरून गोळा करायचा. मंडळातल्या एकूण एक माणसाचा नंबर त्याच्या फोनात होता. फोटो त्या प्रत्येकाला गेला होता.

सुनील गोठ्यामागं मोटारसायकल धूत होता. तो आला, ओल्या हातांनी फोन घेतला आणि बघून परत दिला. त्यानं तो फोटो आधीच पाहिलेला होता, हे किशोरला तिथंच कळलं.

“किती दिवस चाललंय हे?”

“ॲपवर घेतलंवतं रे. पगार व्हायचा व्हता, ठेकेदारानं थकवलान. सात दिवसांपुरतं घेतलं.”

“मंग फेडलंस का नाय?”

“फेडलं. ते फेडायला दुसऱ्या ॲपवर घेतलं. देताना आधीच कापून देतात, मागताना पूर्ण मागतात. दुसरं फेडायला तिसरं.”

“अरे, मला मागायचंस ना. मी मेलो काय?”

“तुला मागितलं असतं तर गावभर झालं असतं. ॲपवर घेतलं की कुणाला कळत नाय.”

किशोर भावाकडे बघतच राहिला. सुनीलनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की रागवायचं कुठून, हेच त्याला सुचेना.

“दादा, मुंबई, दिवा, नालासोपारा, सगळ्यांच्या फोनात तुझा फोटो हाय. आनखी कुणाला कळायचं राह्यलंय?” आणि मग त्याला मुद्द्याचं आठवलं. “एक सांग. माझ्या सेठचा नंबर तुझ्याकडं नाय. मंग त्यांना कुणी दिलान?”

रांगोळीचा डबा हातात घेऊन श्रुतिका हळूच आईकडे वळली. तुळसा खांबापाशी उभी होती. तिचा हात आपोआप त्या पिशवीवर गेला.

“ती पोरगी?” ती म्हणाली. “ती तशी नव्हती रे. मावशी मावशी करत व्हती. मला वाटलं, तुझ्यासाठी विचारतायत.”

“आई.”

“तिनं नोकरी विचारलीन, माणसं विचारलीन. स्थळवाले दुसरं काय विचारतात? आवडीला विचार, ती पन ऐकत व्हती.”

“आनखी कुणाचा नंबर दिलास?”

तुळसाची नजर अंगणातल्या पाटाकडे गेली, आणि श्रुतिकानं रांगोळीचा डबा खाली ठेवला. कुशाबांचा नंबर गेला होता.

“दिलास,” किशोर म्हणाला. “व्याह्यांचा पन दिलास. कमाल हाय गो तुझी, आई. त्या वसुलीवाल्यांना शोधायला महिना लागला असता, तू बसल्या जागी सगळं दिलंस.”

एवढ्यात त्यांचा बाप, पांडू, आतून बाहेर आला. नवा पांढरा सदरा, डोक्याला टोपी, गालाला साबण राहिलेला. पांडूला गावात मान होता, आणि तो मान आपणच कमावलाय याबद्दल त्याला स्वतःला कधी शंका आली नव्हती. त्यानं फोटो पाहिला. दोनदा पाहिला.

“या घरात असलं कधी झालं नाय,” तो म्हणाला. “माझ्या बापानं उपाशी दिस काढलान, पन कुनाच्या दारात उभा राह्यला नाय. कशाला लागलं रे तुला पैसं?”

सुनील ओले हात पँटला पुसत राहिला.

“बोल ना. बिरवाडीत खोली केलीव, तवाच मी बोललो व्हतो. गावात राहून जा-ये करा. पन नाय. तिथं मंग फ्रीज पायजे, टीव्ही पायजे. बायकोच्या हौशी पुरवायला पैसं लागणारच.”

हे तो सुनीलला म्हणाला, पण बघत होता सैपाकघराच्या दाराकडे. दारात सेजल उभी होती.

*

सेजलला नवऱ्याचा राग यायचा, तो असा गप्प बसला की. भांडला असता तर चाललं असतं, ओरडला असता तर चाललं असतं. पण सुनील बापासमोर उभा राहिला की शाळेतला पोर व्हायचा, अंगठ्यानं जमीन उकरत. लग्नाला चार वर्षं झाली, बिरवाडीच्या खोलीत अजून फ्रीज नव्हता. टीव्ही होता, तोही माहेरचा.

ती काही न बोलता आत वळली आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीत पळी अशी फिरवायला लागली की तुळसा आत येऊन म्हणाली, “टोप फोडशील.”

“फुटू दे.”

“तुला माहीत व्हतं?”

“मला नाय माहीत असणार? रात्रंदिवस फोन येतात त्यांना. कंपनीत, खोलीवर. खोलीमालक बोलला, महिना संपला की खोली सोडा. तो नंबर कुठनं मिळाला तेच कळत नव्हतं आम्हाला. आज कळलं.”

तुळसा चुलीपाशी पाटावर बसली. सेजलनं तिला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सुनीलनं तसं वचनच घेतलं होतं, श्रुतिकाची सुपारी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पण बाहेर पांडूचा आवाज अजून चालू होता. आजकालच्या सुना, शहरातली हवा, आमच्या काळी. सेजलनं पळी खाली ठेवली.

“आई, सप्त्याचा काला आठवतो ना?”

“आठवायला काय झालं. दोन महिने नाय झाले.”

“दर वर्षी काल्याचं जेवण सहा घरं वाटून करतात. या वर्षी गावकीच्या बैठकीत ते धोंडूकाका काय बोलले? पांडूचे दोन पोरगे कमावतात, पन त्याच्या घरातनं गावाला कधी काय सुटत नाय. आनि बाबा उभं राह्यलं. काल्याचं आख्खं जेवण माझ्या घरचं बोलले. कुणाला विचारलं? तुम्हाला?”

“मला कशाला विचारतील?”

“ह्यांना फोन केला. चार दिवसांनी आहे, बघ काय ते बोलले. फोन ठेवला. चार दिवसांत सगळ्या गावाचं जेवण. तांदूळ घरचे, मान्य. बाकी? बुंदी, तेल, आचारी, मंडप?” सेजलचा आवाज चढला आणि तिनंच तो खाली आणला. “पगार आठवड्यानं व्हायचा व्हता. मी बोलले, सांगा बाबांना, जमत नाय म्हणून. तर बोलले, बापानं गावात शब्द दिलाय. रात्री बसून त्या ॲपवर बटणं दाबली. फोनातले नंबर बघू का असं ॲपनं विचारलं, तर हो बोलून मोकळे. त्यातला एक रुपया माझ्या अंगावर दिसत असला तर दाखवा.”

तुळसाला काला आठवला. ती त्या दिवशी नवं लुगडं नेसून बायकांच्या पंगतीत फिरली होती. बायका म्हणाल्या होत्या, तुळसा, नशीब काढलंस. आणि तिनं ते मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. तिला आता त्या लुगड्याचीही चीड आली.

“मला का नाय सांगितलंस गो?”

“तुम्हाला सांगितलं की आवडीला कळतं.”

बाहेर गाडीचा आवाज आला. कुशाबाची माणसं ठरल्यापेक्षा लवकर आली होती, आणि हे चांगलं लक्षण नव्हतं.

*

कुशाबा, त्याची बायको रखमा आणि मुलगा सुदेश, एवढीच तिघं गाडीतून उतरली. ठरलं होतं पंधरा माणसांचं. पांडूनं हे पाहिलं, तरी हात जोडून तो पुढं झाला आणि त्यांना पडवीत बसवलं. पाणी आलं, गूळ आला. कुशाबानं पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

“मी सरळ बोलतो,” तो म्हणाला. “भावकीला घरी ठेवून आलोय. आधी समजून घेऊ, मंग बघू. मला मुंबईहून एका बाईचा फोन आला. तुमचा होणारा व्याही फसवा हाय बोलली. मंग फोटो आला. आता हे काय हाय ते तुम्ही सांगा.”

पांडूच्या डोक्यात एकाच वेळी पुष्कळ गोष्टी येऊन गेल्या. पोरीचं जमलेलं मोडणार. धोंडू ऐकणार. पुढच्या बैठकीत सगळे आपल्याकडे बघणार. माणूस घाबरला की जे जवळ असतं ते पुढं करतो. पांडूच्या जवळ सुनील होता.

“कुशाबा, मी पन आजच ऐकलं. मोठा पोरगा आमचा बिरवाडीला वायला राहतो, चूल वेगळी त्याची. त्याचा तो करतो, आमचा काय संबंध नाय. पोरगीला त्याच्यावरून मोजू नका. तो काय पितो, काय खातो, मला ठाव नाय.”

किशोर भिंतीला टेकून उभा होता. सकाळपासून तो भावावर जळफळत होता, नोकरी त्याची गेली होती. पण ‘पितो’ हे ऐकल्यावर तो भिंतीपासून सुटला आणि सुनीलच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सुनीलनं त्याचा दंड धरला. बोलू नको, असं.

बोलली ती तुळसा. सैपाकघरातून हात पुसत आली आणि पाहुण्यांसमोर नवऱ्याचं नाव न घेता, पण त्याच्याकडे बघून म्हणाली, “संबंध नाय कसा? ऐकलाव ना सगळ्यांनी? आता माझं ऐका. कुशाबादादा, तुम्ही आमच्या काल्याला आला व्हता ना?”

“आलो व्हतो. तिथंच तर तुमची पोरगी बघितली आम्ही.”

“जेवलाव?”

“जेवलो की.” कुशाबा गोंधळला. “बुंदी चांगली व्हती.”

“ती बुंदी त्या पैशाची. आख्खं जेवण त्या पैशाचं. ह्यांनी गावकीत उभं राहून बोलून टाकलं आनि पोराला निरोप धाडला. पोरानं बापाचा शब्द राखायला फोनवर कर्ज काढलं. तो पीत नाय. त्याच्या खोलीत फ्रीज पन नाय.” ती थांबली. “आनि तुमचा नंबर त्या बाईला मी दिला. मला वाटलं, स्थळ हाय.”

“कसलं स्थळ?” रखमानं विचारलं.

“किशोरसाठी.”

रखमानं पदर तोंडाला लावला. हसू आलं की काय, कळलं नाही, पण खांदे हलले.

पांडू मात्र खांबासारखा उभा. त्यानं सुनीलकडे पाहिलं. सुनील जमिनीकडे बघत होता. काल्याच्या दिवशी गावकरी आपल्याला मिठ्या मारत होते तेव्हा सुनील पंगतीत वाढत होता, आणि आपण एकदाही त्याला हे कुठून आणलंस असं विचारलं नाही, हे पांडूला आत्ता आठवलं. आठवलं तरी तोंडातून निघालं ते भलतंच. “मला सांगायचं ना जमत नाय म्हणून.”

“तुम्हाला?” सुनील पहिल्यांदा बोलला. “तुम्ही फोन ठेवलाव, बाबा.”

मग सुदेश, नवरामुलगा, ज्यानं आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं, खाकरला.

“आता पैसे भरत बसू नका, दादा. भराल तेवढं वाढवतात. पोलादपूरला पोलीस ठाण्यात तक्रार द्या, सायबरला पन ऑनलाइन करता येते. सगळे फोन, फोटो जपून ठेवा. जेवढे हातात आले तेवढ्याचं नंतर बघू. आमच्या खोलीवर आठ जण राहतो, सहा जणांचं झालंय असं.”

“आनि तू कुठल्यात?” रखमानं विचारलं. “सहात का दोनात?”

सुदेशनं डोक्यामागून हात फिरवला. “मोबाइलची काच फुटलीवती गो, आई. दोन वर्षं झाली. फिटलं ते.”

कुशाबानं पोराकडे पाहिलं, पांडूकडे पाहिलं, आणि शेवटी समोरचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला.

“घ्या,” तो वैतागून म्हणाला. “मी इथं कुणाला जाब विचारायला आलोय. पोरीला पाटावर बसवा. सुपारीचं बघू.”

*

श्रुतिका पाटावर बसली. तिला हा मुलगा आवडला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण काल्याच्या दिवशी त्यानं पंगतीत पाणी वाढायला मदत केली होती, न सांगता, आणि तेव्हापासून तो तिच्या मनात होता. आता समोर ताटात तांदूळ, त्यावर सुपारी, कुंकू. एकदा सुपारी फुटली की कुणाला मागं फिरता येत नाही. तिला ती लवकर फुटायला हवी होती.

कुशाबानं सुपारीला कुंकू लावलं. पांडूचा जीव भांड्यात पडला होता. आणि पांडूचा जीव भांड्यात पडला की तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

“कुशाबा,” तो म्हणाला, आवाजात पुन्हा बैठकीतला भरदारपणा आलेला. “तुम्ही एवढं समजून घेतलंव, मला पन माझा मान राखायला पायजे. आता ऐका. लग्नाचं जेवण माझ्याकडं. तुमचं गाव, माझं गाव, मुंबईकर झाडून सगळे. पंगत उठली की पंगत बसंल. पांडूच्या मांडवातनं कोण उपाशी जाणार नाय.”

कुशाबाचा चेहरा खुलला. “तसं मी गावात बोललोच व्हतो. दोन गाड्या भरून आणतो.”

सेजलनं सैपाकघराच्या दारात कपाळावर हात मारला. किशोर तोंडातल्या तोंडात हिंदीत काहीतरी म्हणाला. आणि श्रुतिकानं सुनीलकडे पाहिलं. सुनील खाली बघत होता, त्याचे ओठ हलत होते. तो मनातल्या मनात हिशेब करत होता. कुठनं, कसं, कधीपर्यंत. पंधरा मिनिटांपूर्वी ज्याला सगळ्यांसमोर दारुडा ठरवलं होतं, तो आता बापाच्या दुसऱ्या शब्दाची तजवीज करायला लागला होता. तिला ते बघवेना.

“नाय,” श्रुतिका म्हणाली.

नवरीमुलगी पाटावर बोलत नाही. म्हणून पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही की आवाज कुणाचा.

“माझ्या लग्नात गावजेवण नाय. आमच्या घरची माणसं आनि तुमच्या घरची माणसं. बाबा काय पन बोलू देत, दादा देणार नाय. तेवढ्यावरून तुमचं मोडत असंल तर सुपारी फोडू नका.”

सुदेशकडे बघायची तिची छाती झाली नाही. तो मान हलवतोय की नाही हे बघितलं असतं तर तिला रडू आलं असतं.

“गप बस तू,” पांडू म्हणाला. “मोठ्या माणसांत बोलायचं नाय.”

“मोठी माणसं बोलतात त्याचंच हे झालंय.”

कुशाबाचा हात ताटावरून मागं आला. त्याचं तोंड उतरलं होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. “पोरी, तुझं बरोबर असंल. पन मी गावात सांगून बसलोय. गाड्या येणार, सगळे येणार. आता मी काय तोंड दाखवू?”

“दादा,” तुळसा म्हणाली.

ती पांडूच्या मागं उभी होती, तिथून पुढं आली आणि श्रुतिकाच्या पाटाशेजारी खाली बसली. लग्न होऊन आल्यापासून ती माणसांच्या बैठकीत अशी मध्ये येऊन बसली नव्हती.

“तोंडाचं तुम्ही आमच्याकडनं शिका. त्या बाईनं माझ्या पोराचा फोटो घरोघर पोचवलाय. शेजारच्या तीन घरांनी तर माझ्याच फोनवर ऐकलंय. काल्याला जे जेवले, त्या सगळ्यांच्या हातात आज चोर म्हणून त्याचा फोटो हाय. एक पन माणूस आला नाय, तुळसा, आम्ही जेवलो त्याच पैशाचं का, असं विचारायला. अशा लोकांसाठी आनखी एकदा पानं मांडायची? आमचं तोंड गेलं, दादा. गेलं ते बरं झालं. आता त्याच्यापायी पोरांना विकायला नको.”

कुंपणापलीकडे आवडीच्या अंगणातली केरसुणी थांबलेली होती.

कुशाबा सुपारीकडे बघत राहिला. शेवटी रखमानं अडकित्ता उचलून नवऱ्याच्या हातात दिला. “फोडा ओ. गाड्यांचं भाडं तर वाचलं. आनि पोरगी आपल्या घरात येऊन असंच बोलली तर तुमची जीभ पन जरा आवरंल.”

“म्हणजे मी पन पांडूच काय?”

“नाय तर काय.”

कुशाबानं नाइलाजानं अडकित्ता दाबला. कट्कन आवाज झाला. श्रुतिकानं डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा सुदेश तिच्याकडेच बघत होता. लापशीची ताटं बाहेर आली, सेजलनं पहिलं ताट सुनीलसमोर ठेवलं, पाहुण्यांच्याही आधी, आणि त्याबद्दल तिला कुणी काही म्हटलं नाही.

पांडू सगळ्यांत शेवटी बसला. धाकट्याच्या पलीकडे जागा होती, पण तो सुनीलच्या बाजूला येऊन बसला. घास हातात घेतला, तोंडात घातला नाही. मग मान न वळवता, इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं विचारलं, “सगळं मिळून किती हाय रे?”

आयुष्यात त्यानं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. सुनीलनं आकडा सांगितला. पांडूचा घास परत ताटात गेला.

“परत सांग,” तो म्हणाला. “नीट सांग. मला समजू दे.”